पॅरा आशियाई स्पर्धा : १११ पदकं आणि एक न दिलेलं कांस्य

तिरफळ

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत आपण १११ पदकं आणली. २९ सुवर्ण, ३१ रौप्य, ५१ कांस्य, पदकतालिकेत पाचवं स्थान. २०१० ला ग्वांगझोऊत १४ होती, २०१४ ला इंचॉनमध्ये ३३, २०१८ ला जकार्तात ७२. हे आकडे एव्हाना प्रत्येक भाषणात आणि प्रत्येक फॉरवर्डमध्ये येऊन गेलेत, त्यामुळे त्यांच्यावर धागा काढण्यात अर्थ नाही. मला बोलायचंय ते तिथे दिल्याच न गेलेल्या एका पदकाबद्दल.

पुरुषांची उंच उडी, टी६३ वर्ग (अपंगत्व कुठलं आणि किती यावरून खेळाडूंचे असे वर्ग पाडतात). स्पर्धक तीनच आणि तिघंही भारताचे. शैलेश कुमार १.८२ मीटर, मरियप्पन थंगवेलू १.८०, गोविंदभाई पढियार १.७८. सुवर्ण आणि रौप्य दिलं गेलं, कांस्य दिलंच नाही. आशियाई पॅरालिम्पिक समितीचा नियम असा की तिन्ही पदकं द्यायची तर किमान चार जण उतरायला हवेत. तीनच उतरले तर पदकं दोन. म्हणजे चौथा कुणी येऊन जेमतेम दीड मीटर मारून गेला असता, तरी पढियारच्या गळ्यात कांस्य पडलं असतं.

त्याच स्पर्धेत एफ५१ वर्गाची क्लब थ्रो, म्हणजे बसून छोटा लाकडी दांडका फेकायचा प्रकार. इथे चौघं होते. प्रणव सूरमा ३०.०१ मीटर, धरमबीर २८.७६, अमित सरोहा २६.९३, तिन्ही पदकं आपली. चौथा सौदी अरेबियाचा, २३.७७. तो आला म्हणून तिसरं पदक मोजलं गेलं.

पदक म्हणजे नुसता धातू नाही हेही लक्षात घ्या. जकार्तानंतर केंद्र सरकारने सुवर्णाला ३० लाख, रौप्याला २० आणि कांस्याला १० लाख दिले होते. नोकरी, शिष्यवृत्ती, पुढच्या शिबिरातली जागा, सगळं त्या पदकाला लटकलेलं असतं. आणि ते मिळणार की नाही हे ठरतं दुसऱ्या एखाद्या देशाने एक माणूस पाठवला की नाही यावर.

तर मला विचारायचंय : प्रादेशिक पॅरा स्पर्धा नेमकी कशासाठी असते? पदकतालिकेसाठी, की खंडातल्या जास्तीत जास्त माणसांना मैदानापर्यंत आणण्यासाठी? दोन्ही एकदम होत नाही असं मला वाटू लागलंय.

बाकावरचा

कडू बोलतो, राग मानू नका. तीन स्पर्धक आणि दोन पदकं ही स्पर्धा नव्हे, हजेरी. ऑलिम्पिकच्या ॲथलेटिक्समध्ये ४८ सुवर्णपदकं असतात, पॅरिस पॅरालिम्पिकच्या ॲथलेटिक्समध्ये १६४ होती. इतके तुकडे पाडल्यावर पदकं वाढणारच. खेळाडूंबद्दल आदर आहेच, पण 'आशियाई स्पर्धेत १०७, पॅरामध्ये १११, बघा पॅरावाले पुढे गेले' असली तुलना डोक्यात जाते.

अडगळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तिरफळ

@बाकावरचा, त्या तुलनेबद्दल शंभर टक्के सहमत. 'हजेरी'बद्दल नाही. तीच माणसं वर्षभराने पॅरिसला काय करतात ते बघा.

क्लब थ्रो एफ५१, पॅरिस २०२४ : सुवर्ण धरमबीर ३४.९२, रौप्य प्रणव सूरमा ३४.५९. जगातले सगळे आले होते तरी पहिले दोन आपलेच. उंच उडी टी६३ : रौप्य शरद कुमार, कांस्य मरियप्पन, चौथा शैलेश. हांगझोऊत ज्या वर्गात तीनच टाळकी होती, त्या वर्गात जगातले दुसरे, तिसरे आणि चौथे भारतीय निघाले. आशियात समोर कुणी नव्हतं याचं कारण आपली माणसं बरी नव्हती हे नाही, शेजारी कुणी तयारच केलं नव्हतं.

सुमित अंतिलचं तर उलटंच. भालाफेक एफ६४ मध्ये त्याने ७३.२९ चा विश्वविक्रम केला तो हांगझोऊला. पॅरिसचं सुवर्ण ७०.५९ वर मिळालं. त्याची सर्वांत लांब फेक प्रादेशिक स्पर्धेतली आहे.

बाकावरचा

बरं. मग एक करा. प्रत्येक पदकाशेजारी किती जण उतरले होते ते छापा. सुवर्ण, १२ पैकी. सुवर्ण, ३ पैकी. वाचणारा ठरवेल.

चाकोरी

छापा की. पण मग सगळीकडे छापा. सर्वसाधारण आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीला किती संघ असतात, तेही पदकाशेजारी येऊ द्या.

मी बसून फेकणाऱ्यांपैकी. एफ५५, गोळा आणि थाळी. राष्ट्रीयपर्यंत गेलोय, पुढे नाही. आमचा प्रकार टीव्हीवर कंटाळवाणा दिसतो, कारण टीव्ही फक्त फेक दाखवतो आणि खरी गंमत फेकेच्या आधी असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येकाची स्वतःची थ्रोइंग फ्रेम असते. माझी एका वेल्डिंगवाल्याने करून दिली, त्याला आधी वाटलं मी पानटपरीचं स्टूल मागतोय. गादीसकट बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, पंच टेप लावून मोजतात. पुढे एक उभा दांडा असतो, न फेकणाऱ्या हाताने धरायला. मैदानावर ती फ्रेम पट्टे लावून जमिनीतल्या हुकांना आवळतात. एक पट्टा जरी सैल राहिला तरी गोळा सुटायच्या क्षणी फ्रेम किंचित मागे सरकते आणि अर्धा मीटर तिथेच जातो. मग आपण खुर्चीवरून फ्रेमवर सरकायचं, मांड्या पट्ट्याने करकचून बांधायच्या, पाय बांधायचे. फेकताना बूड बैठकीवरून सुटलं की फाऊल.

ही बांधाबांध इतका वेळ खाते की प्रत्येकजण आपल्या सगळ्या फेका सलग टाकून उठतो. उभे फेकणारे एक फेक टाकतात, येऊन स्वेटर घालून बसतात, दुसऱ्याचा आकडा बघून पुढचा विचार करतात. आमच्यात ती चैन नाही. माझा नंबर पहिला लागला तर सहा फेका टाकायच्या आणि मग तासभर, कधी दोन तास, बाजूला बसून बघायचं की आपला आकडा कोण खातंय. त्या दोन तासांत जो घाम येतो तो फेकताना येत नाही.

आता संख्येबद्दल. एका निवड चाचणीला आमच्या गटात यादीवर नऊ नावं होती, प्रत्यक्षात आले चार. बाकीच्यांपैकी दोघांना मी ओळखतो. एकाला फ्रेम एसटीतून आणता आली नाही. दुसरा आला, पण राहायची सोय होती दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोरांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं, तर तिथे संडास उकिडवं बसायचा. रात्रीच परत गेला बिचारा. कुठली चाचणी ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तात्पर्य, 'चार पैकी सुवर्ण' असं छापाल तेव्हा उरलेले पाच कुठे गेले तेही विचारा.

मृगजळ_२

चाकोरीदादा, तुमचा प्रतिसाद वाचून काय लिहावं कळेना. फ्रेमचा फोटो टाकाल का?

चाकोरी

टाकतो नंतर. गंजलीये जरा.

गोष्टीवेल्हाळ

तिरफळ यांच्या मूळ प्रश्नाला इतिहासाकडून उत्तर देतो. आशियातली ही परंपरा पदकांपासून सुरूच झाली नव्हती.

जपानमधल्या ओइता इथले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. युताका नाकामुरा १९६० मध्ये इंग्लंडला स्टोक मँडेव्हिलला गेले. तिथे डॉ. लुडविग गुटमन पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांना खेळायला लावून उभारी देत होते. नाकामुरा परतले आणि १९६१ मध्ये ओइतात अशाच स्पर्धा भरवल्या. पेशंटला सर्कशीसारखं लोकांसमोर मांडतोय अशी टीका झाली. १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमागे त्यांची मोठी खटपट होती. त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की परदेशी खेळाडूंपैकी अनेकजण नोकऱ्या करतात, संसार करतात, संध्याकाळी मजेत फिरायला जातात, आणि जपानी खेळाडू मात्र बहुतेक रुग्णालयातून किंवा संस्थेतून आलेत आणि स्पर्धा संपली की तिथेच परत जाणार आहेत. म्हणून १९६५ मध्ये बेप्पू इथे त्यांनी 'ताइयो नो इए' म्हणजे सूर्याचं घर काढलं. 'दान नको, संधी द्या' हे त्याचं ब्रीद. पुढे ओमरॉन, सोनी, होंडा यांनी तिथे या लोकांना घेऊन कारखाने काढले.

आणि १९७५ मध्ये याच ओइता-बेप्पूत पहिल्या फेस्पिक स्पर्धा झाल्या. सुदूर पूर्व आणि दक्षिण प्रशांत भागातल्या देशांसाठी. १८ देश, ९७३ स्पर्धक. पॅरालिम्पिकला जाण्याइतका पैसा आणि तयारी नसलेल्या देशांना जवळपास कुठेतरी खेळता यावं, नवख्यालाही उतरता यावं, हा मूळ विचार. पॅरामाटा (१९७७), हाँगकाँग (१९८२), सुराकार्ता (१९८६), कोबे (१९८९), बीजिंग (१९९४), बँकॉक (१९९९), बुसान (२००२), क्वालालंपूर (२००६) अशा एकूण नऊ झाल्या. क्वालालंपूरनंतर फेस्पिक महासंघ आशियाई पॅरालिम्पिक संघटनेत विलीन झाला आणि २०१० पासून सध्याच्या पॅरा आशियाई स्पर्धा सुरू झाल्या. ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातले देश वेगळे झाले.

नाव बदललं तसा हेतूही बदलला असं माझं मत. फेस्पिक होती तोवर 'या आणि खेळा' हा सूर होता. आता पात्रता निकष, जागतिक क्रमवारी, पदकतालिका. त्यामुळे दर्जा वाढला, नाकारत नाही. पण लहान देशाचा नवखा माणूस, तो चौथा स्पर्धक, नेमका तोच कमी झाला.

कृष्णाकाठ

गोष्टीवेल्हाळ, उत्तम प्रतिसाद. आमच्या सांगलीकडची भर घालतो.

फेस्पिकच्याही आधी राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धा होत्या. १९६२ पर्थ, १९६६ किंग्स्टन, १९७० एडिंबरा, १९७४ ड्युनेडिन, एवढ्याच चार. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आमच्या इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर एडिंबराला गेले आणि पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य घेऊन आले. एका माणसाला तीन वेगवेगळ्या प्रकारांत पदकं, आज कुणी कल्पना करेल का? दोन वर्षांनी हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षं काय चाललं होतं ते विचारू नका.

आणि आटपाडी तालुक्यातला सचिन खिलारी. गोळाफेक एफ४६, हांगझोऊला १६.०३ मीटरवर सुवर्ण, पॅरिसला १६.३२ वर रौप्य. दुष्काळी मुलूख आमचा, पण गोळा लांब जातो.

सुरगाण्याचा_वारा

सांगलीवाल्यांनी भाव खाऊ नये. हांगझोऊतलं भारताचं शंभरावं पदक आमच्या सुरगाणा तालुक्यातल्या दिलीप गावितचं. ४०० मीटर टी४७, ४९.४८ सेकंद, तेही सुवर्ण. नांदेडच्या भाग्यश्री जाधवचं गोळाफेकीतलं रौप्य आणि करमाळ्याच्या सुयश जाधवचं जकार्तातलं ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्णही यादीत घ्या.

अडगळ

जिल्हानिहाय पदकतालिका लावा आता. (हलकं घ्या.)

नीरजा_१२३

धागा मन लावून वाचतेय. माझी शंका जरा व्यक्तिगत आहे, चालेल ना?

मुलगा बारा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, डावी बाजू जास्त ताठर. चालतो, धावतोही थोडं वाकडं. सरकारी अपंगत्व प्रमाणपत्रावर ५० टक्के आहे, युडीआयडी कार्डही आहे. शाळेत खेळाच्या तासाला त्याला स्कोअर लिहायला बसवतात. त्याला धावायचंय. ५० टक्के म्हणजे कुठला वर्ग? कुठे जायचं? इथली माणसं सांगतील असं वाटलं.

वैदेही_फिजिओ

नीरजाताई, चालेल काय, असे प्रश्न यायलाच हवेत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा : प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांचा आणि खेळातल्या वर्गाचा थेट संबंध नसतो. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. ते सरकारी काम. खेळाचं वर्गीकरण वेगळाच प्रश्न विचारतं : या माणसाच्या शरीरातल्या अडचणीचा या विशिष्ट खेळातल्या हालचालीवर किती परिणाम होतो? त्यामुळे ७० टक्के प्रमाणपत्र असलेला एखाद्या खेळात अपात्र ठरू शकतो आणि ४० टक्केवाला पात्र. लोक माझ्याकडे फाईल घेऊन येतात आणि टक्के वाढवून द्या म्हणतात, तेव्हा हेच समजावून सांगावं लागतं.

ॲथलेटिक्समध्ये टी म्हणजे धावपट्टी आणि उड्या, एफ म्हणजे फेकी. पुढचे आकडे साधारण असे : ११ ते १३ दृष्टी, २० बौद्धिक, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सी आणि तत्सम, ४० आणि ४१ कमी उंची, चाळिशीतले उरलेले आणि साठीतले हातापायांची कमतरता, पन्नाशीतले खुर्चीवरचे. तुमचा मुलगा चालता-धावता आहे, म्हणजे ३५ ते ३८ पैकी काहीतरी निघेल. एक बाजू ठळकपणे ताठर असेल तर बहुधा ३७, पण हे मी फोरमवरून सांगणं योग्य नाही. वर्गीकरण करणारी माणसं स्नायूंचा ताठरपणा, सांध्यांची हालचाल तपासतात, मग प्रत्यक्ष धावायला लावतात, आणि गरज वाटली तर स्पर्धेतही बघतात. बारा वर्षांच्या मुलाचं शरीर बदलतं, म्हणून पुन्हा तपासणीचा शेरा येईल. त्याने घाबरू नका.

आत्ता वर्गाची घाईच करू नका. आधी मैदान शोधा. जिल्ह्यात पॅरा प्रशिक्षक नसला तरी समजूतदार साधा ॲथलेटिक्स प्रशिक्षक चालतो. एखादा फिजिओ जोडीला असू द्या. मग राज्य पॅरा संघटनेच्या निवड चाचणीची चौकशी, तिथून राष्ट्रीय. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण फार पुढची गोष्ट.

आणि त्याला पोहायलाही टाकून बघा. ताठर स्नायूंना पाणी मानवतं.

चाकोरी

वैदेहीताईंनी सगळं सांगितलंय. मी एवढंच म्हणेन की शाळेला लेखी द्या, मुलगा खेळणार आहे म्हणून. तोंडी सांगितलं की स्कोअरची वही परत हातात येते.

बाकावरचा

वैदेही, एक प्रामाणिक शंका. वर्गीकरणात लबाडी होत नाही का? मुद्दाम हात वाकडा करून दाखवला तर?

वैदेही_फिजिओ

होते, जगभर होते. म्हणून तर स्पर्धेतलं निरीक्षण असतं आणि मुद्दाम खोटं दाखवलं हे सिद्ध झालं तर बंदी येते. पण प्रत्येक बदललेला वर्ग म्हणजे लबाडी नव्हे, हे कृपया लक्षात घ्या. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये विनोद कुमारने एफ५२ थाळीफेकीत १९.९१ मीटरवर कांस्य जिंकलं, आणि नंतर समितीने कळवलं की त्याला कुठलाच वर्ग देता येत नाही. पदक गेलं. वर्गांच्या सीमारेषेवरची शरीरं असतात, मोजमापाला मर्यादा असतात. खेळाडूने इतकी वर्षं मेहनत घ्यायची आणि पदक मिळाल्यावर कळायचं की आपण या रांगेतले नव्हतोच. मला तरी पॅरा खेळातली ही सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते.

प्रादेशिक स्पर्धांचं मोल मला इथे वाटतं. जितक्या लवकर आणि जितक्या जास्त आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळाडूची तपासणी होईल, तितका पुढचा धक्का टळतो.

दोरीचं_टोक

उशिरा आलो. मी टी११ धावपटूसोबत गाईड म्हणून पळतो.

कमी स्पर्धक म्हणजे हलकी स्पर्धा या म्हणण्यावर एक गोष्ट सांगायची आहे. टी११ मध्ये धावणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असते, थोडंफार दिसणाऱ्याला जास्तीचा फायदा मिळू नये म्हणून. शेजारी गाईड, दोघांच्या हातात एक छोटी दोरी. दोन माणसं म्हणजे लेनही दोन लागतात. आठ लेनचा ट्रॅक, म्हणजे ४०० मीटरपर्यंतच्या फायनलला चारच धावपटू. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतही चारच. तिथे 'चार पैकी सुवर्ण' छापलंत तर वाचणाऱ्याला काय कळणार?

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, रेषा आधी ओलांडायची नाही. माझी छाती त्याच्या आधी रेषेवर गेली की तो बाद. म्हणजे मला त्याच्यापेक्षा वेगवान असावं लागतं आणि शेवटच्या दहा मीटरला तोच वेग गिळावा लागतो. हात-पाय एका तालात, माझं उजवं तर त्याचं डावं. वळण आलं की मी बोलतो : 'वळण... वळण... सरळ'. दमलेला असताना नुसतं 'दाब!' एवढंच. तो म्हणतो की माझ्या श्वासावरून त्याला कळतं शेजारची जोडी कुठे आहे.

गाईड मिळत नाहीत ही खरी अडचण. चांगला धावपटू असेल तर त्याला स्वतःचं करिअर असतं, तो दुसऱ्याच्या दोरीला का बांधून घेईल? निवृत्त झालेला असेल तर वेग पुरत नाही. अनेक आंधळी मुलं धावायचं सोडतात ती पाय थकले म्हणून नाही, शेजारी पळायला कुणी नाही म्हणून.

मृगजळ_२

दोरीचं_टोक, यावर स्वतंत्र धागा काढाच.

अडगळ

गंभीर शंका : कर्णबधिर खेळाडू यात का नाहीत?

गोष्टीवेल्हाळ

त्यांची वाट आधीपासून वेगळी. १९२४ मध्ये पॅरिसला त्यांच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधी. आज त्या डेफलिम्पिक म्हणून होतात आणि आशिया-प्रशांत विभागाच्या स्पर्धाही वेगळ्या असतात. बौद्धिक अपंगत्वाचे काही वर्ग मात्र पॅरामध्ये आहेत.

कृष्णाकाठ

वेगळ्या वाटेवरून आठवलं. राष्ट्रकुल स्पर्धांनी २००२ ला मँचेस्टरमध्ये पॅरा प्रकार मुख्य स्पर्धेतच घेतले आणि पदकंही एकाच तालिकेत मोजली. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये सुधीरने पॉवरलिफ्टिंगचं सुवर्ण घेतलं ते भारताच्या एकूण खात्यात. आशियात मात्र शहर एक, स्पर्धा दोन. आधी ती, मग ही. एकत्र का करत नाहीत? निदान गर्दी तरी मिळेल स्टेडियमला.

तिरफळ

मोहक वाटतं, पण हिशेब करा. बर्मिंगहॅमला पॅराचे आठच खेळ होते आणि त्यातलेही मोजकेच प्रकार. हांगझोऊला २२ खेळ. एकत्र केलं की आधी कापले जातात ते चाकोरी यांच्यासारख्यांचे वर्ग, कारण ते टीव्हीवर 'कंटाळवाणे' दिसतात. बोच्चा तर गेलाच म्हणून समजा. बोच्चा, म्हणजे लक्ष्याच्या चेंडूजवळ आपले चेंडू नेऊन ठेवायचा खेळ, कुणी बघितलाय का? बीसी३ वर्गातला खेळाडू हाताने चेंडू टाकू शकत नाही, तो उतरत्या पन्हाळीवरून सोडतो. पन्हाळ हलवायला मदतनीस असतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढंच सरकवायचं. डोकं पूर्णपणे खेळाडूचं. असल्या खेळाला संयुक्त स्पर्धेत जागा कोण देणार?

वेगळी स्पर्धा ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे खंडाच्या आवडीचे खेळ घेता येतात. हांगझोऊला बुद्धिबळ होतं, जे पॅरालिम्पिकमध्ये नाही. दर्पण इनानीने अंधांच्या बी१ गटात सुवर्ण घेतलं.

बाकावरचा

माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. चार जणांची फायनल समजली, फ्रेम समजली. तरीही वर्ग एकत्र करून फील्ड मोठं करता येणार नाही का? तिरंदाजीत करतातच की. शीतल देवी दोन्ही हात नसताना पायाने धनुष्य धरून, खांद्याने दोरी ताणून खेळते, आणि तिच्याच 'ओपन' वर्गात हात असलेले, खुर्चीवर बसलेले सगळे असतात. तिथे तिने हांगझोऊला सोळाव्या वर्षी दोन सुवर्ण आणि एक रौप्य घेतलं. कुणी म्हणालं का, तीनच होत्या म्हणून?

वैदेही_फिजिओ

चांगला मुद्दा. तिरंदाजीत बाण एकदा सुटला की शरीराचा फरक बराच पुसला जातो, म्हणून वर्ग कमी ठेवता येतात. धावण्यात आणि फेकीत तसं नाही. तरी जोडतात : हांगझोऊला भालाफेकीत एफ३७ आणि एफ३८ एकत्र होते, त्यात आपल्या हनीने सुवर्ण घेतलं. पण जोडल्यावर जास्त अडचण असलेला खेळाडू मागे पडतो आणि त्याचा देश पुढच्या वेळी त्याला पाठवतच नाही. फील्ड मोठं करायला गेलात आणि माणसं कमी झाली, असं होतं.

चाकोरी

एफ५४ मध्ये, म्हणजे माझ्याहून जास्त अडचण असलेल्यांत, मला घातलं तर मी जिंकेन. एफ५६ मध्ये घातलं तर शेवटून पहिला. माणूस तोच. म्हणून मी पदकापेक्षा माझा स्वतःचा आकडा धरून बसतो.

बाकावरचा

ठीक. मग माझी मागणी सुधारून : पदकाशेजारी संख्या नको, फेकीचा किंवा वेळेचा आकडा आणि त्या वर्गाचा आशियाई विक्रम छापा. ते तरी मान्य?

तिरफळ

हे एकदम मान्य. वर्तमानपत्रवाल्यांना ते कुणी सांगायचं, हा वेगळा धागा.

मी मात्र पढियारच्या कांस्यावर अडून आहे. माझ्या मते प्रादेशिक स्पर्धेत हा नियम काढायला हवा, किंवा निदान ठरावीक उंची-अंतर पार केलं तर पदक द्यावं. १.७८ मीटर ही एका पायावरच्या जोरावर मारलेली उडी आहे. मी दोन पायांवर १.२० मारून दाखवेन का, शंका आहे.

गोष्टीवेल्हाळ

नियम काढला तर देश एकेकटे खेळाडू उतरवून पदकं गोळा करतील. चीनने हांगझोऊत ५२१ पदकं नेली, त्यातली २१४ सुवर्ण. तुमचा उपाय लावला तर सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच. ठरावीक अंतराची अट मात्र विचार करण्यासारखी आहे.

नीरजा_१२३

शाळेला लेखी दिलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जबाबदारी कोण घेणार? मी म्हटलं मी. शनिवारपासून मैदानावर जातोय, एक निवृत्त क्रीडाशिक्षक तयार झालेत. ते काल मुलाला म्हणाले, तुझा डावा हात आखडतो तर आखडू दे, उजवा जोरात मार. वैदेहीताई, हे बरोबर आहे का?

वैदेही_फिजिओ

सध्या चालेल. पण वॉर्मअप दुप्पट वेळ करा आणि थंडीच्या सकाळी तर सोडूच नका. डाव्या पोटरीकडे लक्ष ठेवा. पायात गोळे येऊ लागले तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुरगाण्याचा_वारा

पुढची पॅरा आशियाई १८ ते २४ ऑक्टोबर २०२६, जपानमध्ये आयची-नागोया. म्हणजे नाकामुरांच्या देशात. मध्येच दसरा येतोय. थेट निकालांचा धागा कोण चालवणार?

बाकावरचा

मी चालवतो. आकडा आणि आशियाई विक्रम, दोन्ही टाकेन. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, तिथे सकाळी नऊला सुरू झालं तर इथे पहाटेचे साडेपाच. चहा आपापला करून बसा.

चाकोरी

एफ५५ गोळाफेक असली तर मला आधी उठवा.